सीट पुसली, कंडिशनर लावलं, तरी तीन आठवड्यांत पुन्हा ओशट

तक्रार अशी. गाडीच्या लेदर सीट घरीच स्वच्छ केल्या, वरून कंडिशनर लावलं. चार दिवस झकास. मग हळूहळू ड्रायव्हरच्या सीटवर तीच तुकतुकी परत येते. हात फिरवला की तळव्याला ओशट लागतं. गाडी उन्हात उभी असली तर पाठ सीटला चिकटते आणि उठताना चर्रकन आवाज येतो. पुन्हा पुसायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा तेच.

माझ्या गाडीत हे चक्र दीड वर्ष चाललं. दर खेपेला माझं निदान एकच असायचं: कातडं कोरडं पडलंय, कंडिशनर कमी पडलं. म्हणून पुढच्या वेळी जरा सढळ हाताने. शेवटी एका सीटची शिवण उसवली म्हणून कुशन शिवणाऱ्या कारागिराकडे गाडी नेली. त्याने शिवणीच्या कडेने नुसतं नख ओढलं, नखात अडकलेला काळपट, मेणासारखा लगदा माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "साहेब, हे कातडं नाही. तुम्ही लावलेलंच आहे हे सगळं."

दीड वर्षाचं कंडिशनर त्याच्या नखात होतं.

घाईत असणाऱ्यांसाठी उत्तर इथेच सांगतो. सीट पुन्हा पुन्हा ओशट होते, कारण मळ निघालेलाच नसतो आणि आपण त्याच्यावर कंडिशनरची पुटं चढवत राहतो. सफाई आहे त्याच्या तिप्पट करा, कंडिशनर आहे त्याच्या चौथ्या हिश्श्यावर आणा. बऱ्याचशा तक्रारी एवढ्यावर मिटतात. उरलेल्यांसाठी पुढचं वाचा, कारण काही चिकटपणा सफाईने जात नाही आणि तिथे घासत बसलात तर नुकसान होतं.

आपला हात कातड्याला लागतच नाही

लेदर म्हटलं की आपल्याला स्वतःच्या त्वचेची आठवण होते. टाच फुटली की मलम, तसं सीट कोरडी वाटली की क्रीम. सगळा घोटाळा ह्या तुलनेतून सुरू होतो.

आजच्या बहुतेक गाड्यांतलं लेदर वरून रंगवलेलं असतं. कातडं कमावल्यानंतर मोठ्या फिरत्या पिंपांत त्यात तेलं मुरवतात, आणि सीटला मऊपणा येतो तो तिथे, कारखान्यात. त्यानंतर वर रंगाचे थर बसतात आणि सगळ्यात शेवटी पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, पारदर्शक थर. युरोपीय प्रमाणकाप्रमाणे हा लेप ०.१५ मिलिमीटरहून जाड झाला, तर त्या मालाला नुसतं 'लेदर' म्हणून विकता येत नाही. म्हणजे लेप अगदी पातळ असतो, पण असतो. आपली पँट घासते ती त्याला, घाम लागतो तो त्याला, आणि कंडिशनर पसरतं तेही त्याच्यावरच. आत जायला वाट असते ती फक्त टाक्यांच्या भोकांतून, जाळीदार सीटच्या छिद्रांतून आणि लेपाला बारीक तडे गेले असतील तिथून. बाकीचं वरच राहतं. त्यात अंगाचं तेल, घाम, कपड्यांचा चुरा आणि धूळ मिसळली की कालांतराने राप तयार होतो. तोच चमकतो आणि आपण म्हणतो, वा, लेदरला काय तेज आलंय.

नवी लेदर सीट आठवून बघा. ती चमकत नाही. तिचा रंग मंद, कोरडा, जवळजवळ खडूसारखा असतो. सीट चकाकायला लागली, की ती मळलेली आहे असं समजा.

आधी तपासणी, मग पाणी

तीन गोष्टी पाहून घ्या. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

पहिली, सीट नक्की कशाची आहे. 'लेदर सीट' म्हणून विकलेल्या कितीतरी गाड्यांत खरं लेदर फक्त बसायच्या आणि टेकायच्या भागावर असतं. बाजू, पाठीमागचा भाग आणि कधी कधी हेडरेस्टसुद्धा रेक्झिनचं असतं. जवळून पाहिलं की कळतं. रेक्झिनची नक्षी सगळीकडे एकसारखी छापलेली दिसते. खऱ्या कातड्यावरही नक्षी छापतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. अंगठ्याने दाबून बघा, कातड्यावर दाबाच्या भोवती बारीक सुरकुत्या पसरतात, रेक्झिन नुसतं खाली बसतं. गाडीची माहितीपुस्तिका हाताशी असेल तर तीच बघा, अंदाजापेक्षा ते बरं.

दुसरी, पाण्याचा थेंब. सहज दिसणार नाही अशा जागी एक थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. थेंब तसाच गोल राहिला तर लेप शाबूत आहे आणि खाली दिलेली पद्धत चालेल. थेंब आत शोषला जाऊन डाग गडद झाला, तर एक तर ते लेप नसलेलं ॲनिलिन लेदर आहे किंवा त्या जागचा लेप झिजलाय. तिथे ओलं ब्रशकाम करू नका, नुसत्या दमट फडक्यावर भागवा. आणि कापडासारखं लवदार अल्कांतारा असेल तर ते मुळात लेदरच नाही. ते पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचं बनतं, त्यावर कंडिशनर लावलंत तर लव बसून जाईल.

तिसरी, पांढरं फडकं. पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि ड्रायव्हर सीटच्या मधोमध दहा-बारा वेळा फिरवा. फडकं करडं किंवा तपकिरी झालं तर तो मळ आहे, आनंदाची गोष्ट. सीटचाच रंग फडक्यावर उतरला, काळ्या सीटचा काळा किंवा लाल सीटचा लाल, तर लेप सुटतोय. मग सफाई इथेच थांबवा आणि खालचा 'तरीही चिकट' हा भाग वाचा. काळ्या सीटवर मळ आणि रंग ओळखता येत नाहीत, तिथे कधीच न वापरलेल्या कोपऱ्यावर तेच फडकं फिरवून तुलना करा. मागच्या सीटची कडा ह्याला बरी पडते.

सफाई, जी मी दीड वर्ष केलीच नव्हती

मी काय करत होतो? क्लीनर सीटवर फवारायचा, मायक्रोफायबरने पुसायचं, झालं. फडकं मळकट निघायचं आणि मला वाटायचं काम झालं. लेदरच्या पृष्ठभागाला उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक दऱ्या. फडकं उंचवट्यांवरून फिरतं, मळ दऱ्यांत असतो. त्याला ब्रशच लागतो. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश उत्तम, नाहीतर मऊ दातांचा कुठलाही, जो तुमच्या गालावर फिरवला तर टोचत नाही.

गाडी सावलीत घ्या आणि सीट गार होऊ द्या. उन्हातून आलेल्या गाडीत सीटचा पृष्ठभाग सहज ५० अंशांच्या पुढे जातो, त्यावर क्लीनर लावताक्षणी वाळतो आणि डाग सोडतो. आधी व्हॅक्यूम, मऊ तोंड लावून, शिवणींत आणि पाठ-बैठकीच्या खाचेत. हे टाळू नका. खाचेतली वाळू ब्रशखाली आली की सँडपेपरचं काम करते.

क्लीनर लेदरसाठीचा, पाण्यावर आधारलेला, पीएच ७ च्या आसपास किंवा किंचित आम्लधर्मी घ्या. कमावलेलं कातडं स्वतः आम्लधर्मी असतं. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण आणि बरेचसे 'सगळं साफ करणारे' द्रव अल्कधर्मी असतात. एखाद्या वेळेने आकाश कोसळत नाही, पण दर महिन्याला तेच वापरलं तर लेप आणि टाक्यांजवळचं कातडं दोन्ही कडक होत जातात. काहीच नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे चार-पाच थेंब पुरतात, आणि वापरायचा तो फक्त फेस.

क्लीनर ब्रशवर घ्या, सीटवर नको. एका वेळी एकच भाग, दोन शिवणींमधला. हलक्या हाताने गोल गोल, वीस-तीस सेकंद. फेस तपकिरी होईल. तो वाळायच्या आत कोरड्या मायक्रोफायबरने उचला. मग दुसरं फडकं साध्या पाण्यात भिजवून, पिळून, त्यावरून फिरवा. बहुतेक जण इथे चुकतात, मीही चुकलो. क्लीनरचा अंश सीटवर राहिला तर तो स्वतःच चिकट होतो आणि नवा मळ ओढून घेतो. ओशटपणा परत येण्याचं हे दुसरं मोठं कारण, आणि ह्यात कंडिशनरचा काही दोष नसतो.

आता पुन्हा पांढरं फडकं फिरवा. मळ दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या ड्रायव्हर सीटला सात फेऱ्या लागल्या, शेजारच्या सीटला दोन. सातव्या फेरीनंतर सीट इतकी फिकट दिसायला लागली की बायको म्हणाली, "अहो, रंग गेला का?" रंग गेला नव्हता. रंग तोच होता, आम्ही तो दीड वर्षात पहिल्यांदा पाहत होतो.

जोर लावायचा मोह होतो. जोराने फेऱ्या कमी होत नाहीत, लेप मात्र झिजतो. विशेषतः तो पांढरा, जादूचा म्हणून मिळणारा मेलामाइन स्पंज दूर ठेवा. तो मळ विरघळवत नाही, खरवडतो. पहिल्या वेळी निकाल थक्क करणारा असतो, कारण मळाबरोबर वरचा पारदर्शक थरही निघत असतो.

छिद्रांच्या सीटबद्दल वेगळं सांगतो. हवा फेकणाऱ्या किंवा गरम होणाऱ्या सीटमध्ये छिद्रांखाली पंखे, तापतारा आणि फोम असतात. तिथे ब्रश जवळजवळ कोरडा हवा, फेस फडक्यावर घेऊन पुसायचं. आणि कुठल्याही सीटच्या खाली हात घालताना पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे जोड दिसले तर त्यांना हात लावू नका, ओलंही करू नका. त्या एअरबॅगच्या असतात.

दारं उघडी ठेवून तासभर वाळू द्या. हेअर ड्रायर नको, ऊन नको.

कंडिशनर, थोडक्यात

सीट पूर्ण वाळल्यावर बोट फिरवा. कोरडी, मऊ, थोडी पकड असलेली वाटली तर आज काहीच लावू नका. खरंच नका लावू. लावायचंच असेल तर पाण्यावर आधारलेलं, पातळ, चमक न आणणारं कंडिशनर, शक्यतो ऊन आणि डागांपासून संरक्षण देणारं. एका बैठकीला नाण्याएवढा थेंब, तोही स्पंजवर. पसरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्याने फडकं अडकायचं थांबेपर्यंत पुसून काढा. लावण्यापेक्षा पुसायला जास्त वेळ गेला तर प्रमाण बरोबर आहे. वर्षातून दोनदा, गाडी रोज उन्हात उभी राहत असेल तर तीनदा.

स्वयंपाकाचं तेल, तेल-व्हिनेगरचं मिश्रण, पेट्रोलियम जेली, घोड्याच्या खोगिराचा साबण, बुटांचं तेल, यांतलं काही नको. खाण्याचं तेल लेपातून आत जात नाही, वर राहून धूळ धरतं आणि काही आठवड्यांत खवट वास येतो. खोगिराचं सामान खोगिरासाठी ठीक आहे, त्या कातड्यावर असा लेप नसतो. चकाकी देणारे सिलिकॉनचे स्प्रे मला सगळ्यात घातक वाटतात. सीट घसरडी होते हे एक, आणि पुढे कधी रंग लावून दुरुस्ती करायची ठरवली तर सिलिकॉनमुळे नवा रंग धरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. रंगारी शिव्या घालतो आणि त्या रास्त असतात.

तरीही चिकट असेल तर

पांढरं फडकं स्वच्छ निघतंय, कंडिशनर महिनाभर लावलेलं नाही, तरी बोट चिकटतं. मग लेपच मऊ झालाय. हे सहसा ठरावीक जागी दिसतं: हेडरेस्ट, कोपर टेकायची जागा, सीटच्या पाठीचा वरचा भाग. केसांचं तेल, सनस्क्रीन आणि अल्कोहोलवालं हँड सॅनिटायझर यांचा वर्षानुवर्षं मारा झाला की पॉलियुरेथेन मऊ पडतं. ते पुन्हा कडक होत नाही. घासाल तर रंगासकट सुटेल. इथे घरचे उपाय संपतात. लेदरला रंग लावणारा माणूस तेल उतरवून नवा लेप देतो, तोच मार्ग. तोवर त्या जागी एक सुती आवरण टाका.

चिकट भाग रेक्झिनचा असेल तर गोष्ट आणखी वेगळी. रेक्झिन बहुधा पीव्हीसी ह्या प्लास्टिकचं असतं, आणि त्यात ते लवचीक राहावं म्हणून मिसळलेलं द्रव्य उष्णतेने हळूहळू पृष्ठभागावर येतं. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसलं की काही काळ बरं वाटतं, मग पुन्हा येतं. कंडिशनरचा इथे शून्य उपयोग. पॉलियुरेथेनच्या कृत्रिम लेदरचे पोपडे सुटायला लागले असतील तर तो मालच दमट हवेने आतून विघटित झालाय. आवरण बदला, बाटल्यांवर पैसे घालू नका.

सोबत येणाऱ्या काही तक्रारी

सीटवर पांढरी भुकटी. बुरशी की चरबी, हे आधी ठरवा. कातड्यातले स्निग्ध पदार्थ थंडीत वर येऊन पांढुरकी साय धरतात, ते निरुपद्रवी. हेअर ड्रायरची कोमट हवा क्षणभर दाखवा: साय वितळून नाहीशी होते, बुरशी आहे तिथेच राहते. (हो, वर ड्रायर नको म्हटलं होतं. हा पाच सेकंदांचा तपास आहे, सीट वाळवणं नव्हे.) बुरशी असेल तर गाडी उघड्यावर नेऊन, तोंडाला मास्क लावून पुसा, आणि मुख्य म्हणजे गाडीत ओल कुठून येतेय ते शोधा. पायाखालचा गालिचा उचलून बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथे असतं.

फिकट सीटवर निळसर झाक. जीन्सची नीळ. ताजी असेल तर वरच्या पद्धतीने दोन-तीन फेऱ्यांत निघते. महिनोन् महिने बसलेली असेल आणि उष्णतेने लेपात उतरली असेल, तर फिकी होते, जात नाही. कंडिशनर लावलेल्या मऊ, ओशट पृष्ठभागावर ती लवकर धरते, म्हणजे इथेही दोष पुन्हा त्याच सवयीचा.

बॉलपेनची रेघ. थांबा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा सॅनिटायझर लावलंत की शाई जाईल, आणि तिच्याबरोबर लेपही. मी एकदा केलंय. रेघ चार सेंटिमीटरची होती, आता त्या जागी रुपयाएवढा बोडका डाग आहे. रेघ बरी होती.

चढता-उतरता घासल्या जाणाऱ्या फुगीर कडेवरच्या भेगा. ह्या कंडिशनरने भरत नाहीत, कुठल्याच नाही. भेग लेपाला गेलेली असते, फाटलेला रंग क्रीमने शिवला जात नाही. ओल्या कंडिशनरने भेग काही तास गडद होऊन दिसेनाशी होते एवढंच, बाटलीवरचे 'आधी-नंतर'चे फोटो बहुधा त्या काही तासांतले असतात. फिलर भरून, घासून, पुन्हा रंगवणं हाच उपाय. भेगा वाढू नयेत म्हणून मात्र एक करता येतं: त्या कडेवर टेकून घसरत उतरू नका. आधी दोन्ही पाय बाहेर, मग उभं राहायचं.

हल्ली माझा रिवाज असा आहे. आठवड्याला कोरड्या ब्रशने धूळ झटकणं आणि साध्या पाण्याचं दमट फडकं ड्रायव्हर सीटवर फिरवणं, दोन मिनिटं. दर तीन महिन्यांनी ब्रश आणि क्लीनर. कंडिशनरची बाटली गेल्या वर्षी घेतली ती अजून अर्ध्याच्या वर आहे.

राहिलं स्टिअरिंग. तेही लेदरचं असेल तर सीटपेक्षा जास्त मळलेलं असतं, कारण तिथे उघडे हात लागतात. पद्धत तीच, ब्रश, फेस, पुसणं, साधं पाणी, पुन्हा पांढरं फडकं. फक्त कंडिशनर तिथे अजिबात लावू नका. वळणावर हात निसटला तर सीट किती मऊ आहे याला काही अर्थ उरत नाही.